घरचा गहू

होळी झाली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गव्हाचा मेसेज येतो. लोकवन, शरबती, सिहोर, खपली. साफ केलेला, घरपोच. त्याखाली लगेच चर्चा सुरू होते. गेल्या वर्षीच्या लोकवनच्या पोळ्या वातड झाल्या, असं बी विंगमधल्या एक बाई दरवर्षी लिहितात आणि दरवर्षी लोकवनच घेतात. मी मेसेज वाचते, फोन पालथा ठेवते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते. मला ना गहू भरायचा असतो, ना कुणाशी वाद घालायचा असतो. पण खाली गेटपाशी पोती उतरायला लागली, तागाचा आणि नव्या धान्याचा तो कोरडा, किंचित गोडसर वास जिन्यातून वर आला, की माझं डोकं वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात जाऊन बसतं. तिथून ते लवकर उठत नाही.

त्या उन्हाळ्यात माझी मुलगी जुई तीन वर्षांची व्हायची होती. ती खात होती आणि वाळत होती. तेव्हा मी सगळ्यांना एवढंच सांगत असे, कारण त्यापलीकडे मला काही समजतच नव्हतं. पोट तट्ट फुगलेलं, हातपाय काटकुळे, शी पांढुरकी आणि पातळ. गेल्या वर्षीचा फ्रॉक यंदाही बसला म्हणून एखादी आई खूश झाली असती. मी तो कपाटातून काढायची आणि परत घडी घालून ठेवून द्यायची. आणि तिचा चेहरा. एवढ्याशा मुलीच्या चेहऱ्यावर कंटाळा असू शकतो, हे मला माहीत नव्हतं. ती खेळण्यांकडे बघायची आणि मान फिरवायची.

पुण्यात सल्ला मागावा लागत नाही. नको म्हणालात तरी पुरता ऐकवूनच सोडतात. बिबवेवाडीहून माझी आई फोनवर म्हणायची, दाढा येत असतील. शेजारच्या काकूंच्या मते जंत. ऑफिसात एकीने दूध बंद करायला सांगितलं, दुसरीने दूध दुप्पट करायला. एका डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, दुसऱ्यांनी जंतूंचं. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढून झाली. प्रत्येक उपायानंतर जरा बरं वाटल्यासारखं वाटायचं. ते तिला वाटायचं की आम्हाला, कोण जाणे.

आम्ही तेव्हा विश्रांतवाडीत नवीनच राहायला आलो होतो. आळंदी रस्त्याला रोज एक इमारत उभी राहत होती आणि प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर एक कॉम्प्युटर क्लास निघत होता. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत असे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. माझा नवरा प्रमोद वर्ध्याकडच्या एका खेड्यातला. इंजिनिअरिंगला म्हणून पुण्यात आला आणि इथलाच झाला. जुईच्या वेळी माझ्या सासूबाई आल्या आणि मी नोकरीवर परत गेल्यावर नातीसाठी आमच्याकडेच राहिल्या. घरात त्यांचा आवाज फारसा नसे, हात मात्र सतत चालू असत.

जुई वाळते आहे म्हटल्यावर त्या हातांनी जे करायचं ते केलं. गव्हाचं सत्त्व. गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, फडक्यातून पिळून गाळायचा, तळाशी बसलेला पांढरा चीक उन्हात वाळवून त्याची भुकटी करायची. तूप-साखर घालून ती शिजवली की वाटीत चकाकायला लागायची. सासूबाई जुईला मांडीवर घेऊन बोटाने ते चाटवत. मुलगी जितकी बारीक दिसेल तितकं सत्त्व घट्ट होत गेलं. त्यांच्या दिराची मुलं त्यावरच वाढली होती, प्रमोदही त्यावरच वाढला होता.

शेवटी एका पोटाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला आणि मला समोर बसवून कागदावर चित्र काढलं. आतड्याला आतून बारीक लव असते. गव्हातला एक पदार्थ हिला सोसत नाही, त्याने ती लव झडून गेली आहे. म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. या दुखण्याला सीलिअ‍ॅक म्हणतात, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

‘म्हणजे गहू बंद,’ ते म्हणाले. ‘कायमचा.’

मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि विचारलं, ‘पण पोळी चालेल ना?’

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ‘आपल्याकडे पोळी कशाची करतात?’

मला अजूनही कळत नाही मी तसं का विचारलं. इतकी काही मी अडाणी नव्हते. पण गहू म्हणजे पोत्यातलं धान्य, तो एक वेळ बंद करता येतो. पोळी कशी बंद करणार? पोळी म्हणजे तर जेवण. पुढे असं दुखणं असलेल्या इतर मुलांच्या आया भेटल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणींनी हाच प्रश्न विचारलेला निघाला. एकीने तर म्हणे शिऱ्याबद्दलही विचारून घेतलं होतं.

जुईला घेऊन मी घरी आले तेव्हा इमारतीच्या दारात टेम्पो उभा होता आणि त्यातून आमचाच गहू उतरत होता. दरवर्षी होळीच्या सुमाराला माझे थोरले दीर शेतातला गहू ट्रान्सपोर्टने पाठवत. सासूबाई गच्चीवर जुन्या चादरी अंथरून तो उन्हात घालत, सुपात पाखडत, मग पसरट परातीत घेऊन त्याला एरंडेल चोळत. महिनाभर त्यांच्या हातांना एरंडेलाचा वास असे. पुण्यात सगळे गहू भरत, पण आमचा गहू घरचा. तो वाक्यात कुठेही आला तरी सासूबाईंची मान जराशी ताठ व्हायची.

मी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘तो बाजारच्या गव्हाचं म्हणत असंल,’ त्या म्हणाल्या. ‘हा घरचा होय. याले ना खत ना औषध. यानं काय होते?’

आणि खरं सांगायचं तर मलाही क्षणभर ते पटलं. पुढे कितीतरी जणांनी हेच वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलं. कुणी म्हणे खपली देऊन बघा, कुणी म्हणे आमच्या गावचा बन्सी बाधत नाही, कुणी म्हणे पोळी दुधात भिजवून द्या म्हणजे दोष जातो. गव्हावर कुणाचाच राग नव्हता. कुठल्यातरी दुसऱ्या गव्हावर होता.

पण सासूबाईंनी, पटलेलं नसताना, सत्त्वाचा डबा त्याच दिवशी माळ्यावर टाकला. ‘डॉक्टर सांगून राह्यला तं नाही द्यायचं,’ एवढंच म्हणाल्या. तांदूळ, ज्वारी, नाचणी, मूग. जुईसाठी वेगळा तवा, वेगळी परात. प्रमोदला नेमकं तेव्हाच कंपनीने अमेरिकेला पाठवलं होतं. तिथून तो इंटरनेटवर शोधून शोधून माहिती पाठवायचा. कशाकशात गहू लपलेला असतो याच्या त्याच्या लांबलचक याद्या मी ऑफिसात छापून घेत असे. त्यात बिअर होती, सोया सॉस होता, डबाबंद सूप होतं. आमच्या स्वयंपाकघरात यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे मी निर्धास्त होते.

आणि जुई सुधारायला लागली. आधी तिची झोप सुधारली, मग शी, मग एकदा मी ऑफिसातून आले तर ती दारात उभी राहून, कुणीही काही न सांगता, हसली. सासूबाई तिच्या मागे उभ्या होत्या. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता आत गेलो, कारण बघितलं असतं तर रडलो असतो.

मग उन्हं तापली. रसवंत्यांच्या घुंगरांचा आवाज रस्त्यावरून वर येऊ लागला, गच्चीवर कुणाकुणाच्या कुरडया वाळू लागल्या, शिजलेल्या चिकाचा तो आंबूस वास जिन्यात भरून राहिला. आणि चैत्र सरता सरता जुईचं पोट पुन्हा फुगलं. पुन्हा तीच शी, तीच किरकिर, तोच कंटाळलेला चेहरा. डॉक्टर म्हणाले, कुठूनतरी गहू जातो आहे, शोधा.

शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. कामाची रीत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर काय होतं ते बघायचं. पण घर काही कॉम्प्युटर नव्हे. मी तांदळाचं पीठ बदललं, तेवढ्यात शेजारच्या मुलाने तिला बिस्किटाचा तुकडा दिलेला असायचा. म्हणजे दिला होता की नुसता दाखवला होता, हेही ठरत नसे. गिरणीत ज्वारी गव्हावर दळली जात असेल? गच्चीत गहू पाखडताना उडालेला कोंडा? देवळातला प्रसाद? मी घरातल्या प्रत्येक डब्याकडे संशयाने बघायला लागले होते. मीठ सुद्धा बोटावर घेऊन चाखायचे, जणू ते मला काही सांगणार होतं.

एका संध्याकाळी मी सासूबाईंना डॉक्टरांनी काय सांगितलं ते समजावत होते. पोळीच खायला लागते असं नाही, म्हटलं, पिठाचा कण गेला तरी पुरतो. त्या तेव्हा माझ्या डब्यासाठी कणीक मळत होत्या. त्यांनी हात थांबवले. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला, बांगडीच्या आत ओली कणीक होती. त्या कितीतरी वेळ हातांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुईला भरवणं सोडलं. तिच्यासमोर ताटली ठेवायच्या, चमचा ठेवायच्या आणि हात पदरात घेऊन दोन हात लांब बसायच्या. जुईला चमच्याने खायची सवयच नव्हती. जन्मल्यापासून ती आजीच्या हातचं खात आली होती. भात बोटांनी मऊ कालवलेला, त्याचे लहान लहान घास ताटाच्या कडेने मांडलेले. ती आजीपुढे आ करून बसायची. आजी मान हलवायची. मग जुई तोंड मिटायची आणि ताटली ढकलून द्यायची. मी भरवायला गेले तर मान फिरवायची. आधी ती खाऊन वाळत होती, आता न खाता वाळू लागली. ही मुलगी जगेल ना, असा विचार तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आला आणि मी तो कुणालाही सांगितला नाही.

मी सासूबाईंना म्हटलं, आई, नीट हात धुऊन भरवा ना. त्या म्हणाल्या, ‘धुतल्यानं जाते का नाही जात, कोणाले मालूम? माह्या हातानं काही होऊन राह्यलं असंल तं?’ मला वाटलं म्हणावं, छे, तुमच्या हाताने कसं होईल. पण तसं मला खात्रीने माहीत नव्हतं, आणि त्या काळात खात्री नसलेलं काही बोलायचीच मला भीती वाटायची.

मग एके दिवशी मी घरी आले तर कोठी रिकामी. सासूबाईंनी वर्षाचा गहू, उन्हं दाखवलेला, एरंडेल चोळलेला, खालच्या मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांत वाटून टाकला होता. मोबदल्यात काहीच घेतलं नव्हतं. कोठी आतून ओल्या फडक्याने पुसून उलटी घातली होती. ‘घरातच नको,’ त्या म्हणाल्या. ज्या बाईने आयुष्यभर घरचा गहू, घरचा गहू म्हटलं, तिने तो असा घराबाहेर काढला होता. मी आणि त्या दोघीही भाकरी खाऊ लागलो. तरीही जुई बरी होईना. आता संशय घ्यायलाही काही उरलं नव्हतं.

शेवटी मी धीर सोडून एक घरघंटी विकत आणली. म्हणजे गिरणीचा प्रश्न मिटला. ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसवली त्याच आठवड्यातल्या रविवारी सासूबाईंनी उडदाचे पापड घातले. पापडाच्या पिठात हिंगाचं पाणी लागतं. त्यांनी हिंगाचे खडे गरम पाण्यात भिजत घातले होते. मी बाहेरच्या खोलीत होते. आतून त्यांनी हाक मारली.

‘शुभा, इकडे ये वं. हात दे.’

त्यांनी वाटीच्या तळाशी बसलेला गाळ दोन बोटांत घेतला आणि माझ्या बोटांवर चोळला. मऊ, बुळबुळीत, जरासा चिकट. हिंगाच्या उग्र वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

‘चीक होय हा,’ त्या म्हणाल्या. ‘गव्हाचा.’

मला तो फरक कळला नाही. माझ्या बोटांना नुसता चिकटपणा कळत होता. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, कारण त्याच क्षणी आम्हा दोघींना एकच गोष्ट आठवली होती. उन्हाळा सुरू झाल्यापासून जुईला रोज दुपारी ताक. ताकात हिंग. पोट फुगलं की थोडा जास्त हिंग, बेंबीभोवतीही हिंग. पोटदुखीवर आपल्याकडे दुसरं करतात काय?

दुसऱ्या दिवशी मी वाण्याला विचारलं, हिंगात गव्हाचं पीठ असतं का हो? त्याने पुडी बांधता बांधता वर न बघताच उत्तर दिलं. ‘नुसता हिंग एकदा खाऊन बघा ताई, मग विचारा पीठ का घालतात.’ म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही विचारलं नव्हतं, इतकंच. प्रमोदच्या याद्यांत हिंग असणार तरी कसा? त्या करणाऱ्यांनी हिंग कधी पाहिलाच नव्हता.

हिंग बंद झाला आणि जुई बरी झाली. पुन्हा हसली, मग धावली, मग एकदा तिने गॅलरीतून सगळ्या चपला खाली टाकल्या आणि आम्ही कौतुकाने गोळा करून आणल्या. पावसाळ्यात तिला सगळेच फ्रॉक आखूड झाले.

गोष्ट इथे संपायला हवी. पण माझ्या डोक्यात ती संपत नाही, कारण हिंग बंद झाला त्याच आठवड्यात गिरणीही बंद झाली होती. गहू नुकताच घराबाहेर गेला होता, आणि सासूबाईंचा हातही तिच्या ताटापासून दूर होता. मग नक्की कशाने? हिंगाने, की दळणाने, की कोंड्याने, की थोडं थोडं सगळ्यानेच? ऑफिसात असते तर एक एक गोष्ट परत आणून तपासली असती. आपल्या मुलीला परत आजारी पाडून कोण तपासणार? प्रमोद फोनवर म्हणाला, बरी झाली ना, मग सोड. मी सोडलं नाही. सोडता आलं नाही.

सासूबाईंनी मात्र त्यांचा निकाल लावला होता. त्यांनी पुन्हा जुईला भरवायला सुरुवात केली, पण गव्हाच्या पिठाला त्यांनी त्यानंतर कधीही हात लावला नाही. काही महिन्यांनी आम्हा मोठ्यांसाठी घरात पोळ्या सुरू झाल्या, तेव्हा त्या मी करायला लागले, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. त्या भाकऱ्या करत. आणि जुईला जवळ घेण्याआधी दर वेळी हात धूत, साबण लावून, कोपरापर्यंत. मी कितीदा म्हटलं, आई, हिंग होता तो. तुमचे हात नव्हते. त्या हसून ‘हो’ म्हणत आणि नळ सोडत. माझ्या आवाजात खात्री नव्हती, हे त्यांना ऐकू येत असणार. ‘तुमच्या हाताने झालं नाही’ हे मी त्यांना छातीठोकपणे कधीच सांगू शकले नाही.

जुई शाळेत गेली. डब्यात पोळी-भाजीच आणावी असा शाळेचा नियम होता, भाताने म्हणे मुलं पेंगतात. बाईंना समजावता समजावता माझं एक वर्ष गेलं. वाढदिवसांना ती स्वतःचा लाडू डब्यात घेऊन जायची आणि केक कापताना सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवायची. आता ती बंगळुरूला नोकरी करते, हॉटेलात गेली की वाढप्याला बोलावून सांबारात कुठला हिंग घातलाय ते विचारते, आणि तिचे मित्र कपाळाला हात लावतात.

गेल्या आठवड्यात ती आली होती. सासूबाई आता खूप थकल्या आहेत आणि बरंच विसरतात. प्रमोदला कधी त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारतात, जुईला स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या. पुणंही त्यांच्या लक्षात नसतं. संध्याकाळ झाली की गाई आल्या का विचारतात. खाली गव्हाचा टेम्पो आला होता. तो वास वर आला तशी त्यांची नजर दाराकडे गेली आणि तिथेच राहिली.

दुपारी मी त्यांच्यापुढे ताटात ज्वारीची भाकरी आणि मुगाचं वरण ठेवलं. जुई त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, ‘आजी, भरव ना.’

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. ही कोण, हे त्यांना आठवत नव्हतं, ते स्पष्ट दिसत होतं. पण त्यांनी झटकन दोन्ही हात पदराखाली घेतले.

‘थांब माये,’ त्या म्हणाल्या. ‘हात पिठाचे हायेत. धुऊन येऊ दे.’

मी दारातच उभी राहिले. वीस वर्षांत त्या हातांना गव्हाचं पीठ लागलेलं नव्हतं. जुईने पदराखालून त्यांचे हात हळूच बाहेर काढले आणि उताणे केले. सुरकुतलेले, स्वच्छ, बोटांची टोकं पाण्याने पांढुरकी पडलेली. ‘बघ, कुठे पीठ आहे?’

सासूबाई तळव्यांकडे बघत राहिल्या. एक हात बघितला, मग दुसरा.

‘मंग कायचं होतं वं?’ त्यांनी विचारलं.

जुईने माझ्याकडे पाहिलं. ती गोष्ट तिने माझ्या तोंडून शंभरदा ऐकलेली होती, हिंग, गिरणी, कोंडा, सगळी. मी तोंड उघडलं आणि नेहमीसारखंच मला काही बोलता आलं नाही.

‘कशाचंच नव्हतं, आजी,’ जुई म्हणाली आणि आ करून बसली. सासूबाईंनी ताट पुढे ओढलं आणि भाकरी कुस्करायला घेतली.